पुण्यात परवडणारी भाड्याची घरं बांधायची आहेत? सवलती कुठे आहेत आणि त्या पदरात कशा पाडायच्या

नऱ्हे-आंबेगावात, वाघोलीत, मांजरीत वडिलोपार्जित पाच-दहा गुंठे आहेत आणि ते विकायचे नाहीत. आजूबाजूला कॉट बेसिसवर राहणारी पोरं, कंपनीत शिफ्ट करणारे कामगार, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, एक मूल असलेली तरुण जोडपी आठ-दहा हजारांत खोली शोधत फिरताना दिसतात. मग घरात विषय निघतो: आपणच खोल्या बांधून भाड्याने दिल्या तर? सरकार आणि महापालिका अशा घरांना सवलत देतात म्हणे, ती कुठे मिळते?

‘परवडणारी भाड्याची घरं’ अशी पाटी लावलेली एकच खिडकी पुण्यात नाही. जे काही आहे ते बांधकाम विकास विभाग, नगररचना, म्हाडा, केंद्राची आवास योजना, जीएसटी आणि मिळकतकर अशा सहा दप्तरांत विखुरलेलं आहे. शिवाय त्यातल्या बहुतेक सवलती घर बांधून विकणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत. भाड्याने देणाऱ्याने त्यातून आपल्या उपयोगाच्या वेचून काढायच्या असतात. हा लेख त्या वेचणीसाठी आहे, आणि पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या बिल्डरकडे हे सांगायला माणसं पगारावर असतात.

पायरी १ : तुमच्या जमिनीचा धनी कोण ते ठरवा

सात-बाऱ्यावर धनी तुम्हीच आहात. पण तिथे काय बांधता येईल हे नियोजन प्राधिकरण ठरवतं, आणि पुण्याच्या आसपास ही प्राधिकरणं एकमेकांना इतकी खेटून आहेत की रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरं असू शकतं. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमआयडीसीच्या ताब्यातली जमीन, चाकणसारख्या नगरपरिषदा आणि पुणे, खडकी, देहूरोड ही तीन कटक मंडळं. कटक मंडळात किंवा एमआयडीसीच्या भूखंडावर असाल तर पुढे सांगितलेली एफएसआयची (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं त्या प्रमाणाची) गणितं तुम्हाला जशीच्या तशी लागू होणार नाहीत.

समाविष्ट गावांत जास्त काळजी घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, जून २०२१ च्या अखेरीस आणखी २३ आली. या २३ गावांचं नियोजन मात्र त्यानंतर शासनाने पीएमआरडीएकडे दिलं, म्हणजे मिळकतकराचं बिल एकाचं आणि नियोजन दुसऱ्याचं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर पुढे महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली गेली. त्यामुळे ‘आमचं गाव कॉर्पोरेशनमध्ये आहे’ एवढ्यावर विसंबू नका. आजच्या तारखेला तुमच्या गटाची बांधकाम परवानगी कोण देतं हे लेखी विचारा. झोन दाखला (जमीन विकास आराखड्यात कुठल्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा दाखला) मागितला की हे आपोआप कळतं, कारण जो दाखला देतो तोच बहुधा परवानगीचाही मालक असतो.

याच टप्प्यावर गोळा करायचे कागद: सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखची मोजणी (क-प्रत), झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा, फेरफार, वकिलाचा सर्च रिपोर्ट. जमीन गुंठेवारीतली असेल, किंवा भावकीतल्या सगळ्यांची नावं उताऱ्यावर असतील आणि वाटप झालेलं नसेल, तर आधी ते मिटवा. सवलतीचा अर्ज करायला बसल्यावर चुलतभावाची सही आठवली की वर्ष तिथेच जातं.

पायरी २ : रस्ता मोजा, मग स्वप्नं

राज्यात मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. नावातच प्रोत्साहन आहे, आणि त्या प्रोत्साहनाची किल्ली तुमच्या प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीत आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत, दाट वस्तीचा पेठांचा आणि गावठाणांचा भाग सोडला तर, निवासी वापरासाठी मूळ एफएसआय १.१ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच थांबायचं. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर ०.५ प्रीमियम (जादा एफएसआयचं शुल्क) भरून आणि ०.४ टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकाम हक्क) विकत घेऊन एकूण २ पर्यंत जाता येतं. १२ मीटरला २.२५, १५ ला २.५, २४ ला २.७५ आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्याला ३. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघात, रस्ता आणि प्लॉट अटींत बसत असतील तर ४ पर्यंत.

याच्यावर आणखी एक थर आहे. जिना, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी यांच्यासाठी पूर्वी वेगवेगळ्या सवलती असायच्या. आता त्या बंद करून निवासी इमारतीला वापरलेल्या एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र प्रीमियम भरून मिळतं. म्हणजे कागदावरचा १.१ हा प्रत्यक्षात १.७६ पर्यंत जातो. नवखा माणूस इथेच गडबडतो. तो १.१ ऐकून नाउमेद होतो किंवा ३ ऐकून हुरळतो, आणि दोन्ही आकड्यांत हा थर धरलेला नसतो.

पाच गुंठ्यांचा हिशेब करून बघू. पाच गुंठे म्हणजे साधारण ५०५ चौरस मीटर. समजा एका खोलीचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटर (सव्वातीनशे चौरस फूट) आणि भिंती, जिना, पॅसेज धरून तिचं बांधकाम ४२ चौरस मीटर. अरुंद रस्त्यावर १.१ आणि ६० टक्के धरून सुमारे ८९० चौरस मीटर, म्हणजे २१ खोल्या. नऊ मीटरच्या रस्त्यावर सगळा एफएसआय वापरला तर सुमारे १,६१५ चौरस मीटर, म्हणजे ३८ खोल्या. सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), जिन्याची रुंदी, आगीचे नियम आणि पार्किंग हा आकडा खाली ओढतात, वर कधीच नेत नाहीत. ३८ हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

रस्त्याबद्दल एक खबरदारी. विकास आराखड्यात दाखवलेली रुंदी आणि जागेवरची रुंदी यांत पुण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बारा मीटरचा म्हणून दाखवलेला रस्ता जागेवर बैलगाडीच्या वाटेएवढाही नसतो. तुमची रुंदीकरणातली जागा महापालिकेला देऊन तिचा एफएसआय त्याच प्लॉटवर वापरता येतो का, हे आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत विचारा. छोट्या प्लॉटवाल्याच्या हाताला लागणारी सर्वांत खरीखुरी सवलत बऱ्याचदा हीच असते.

प्लॉट अगदीच लहान असेल तर आणखी एक सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, कमी जोखमीच्या इमारतीसाठी, आर्किटेक्टमार्फत नकाशे सादर करून आणि शुल्क भरून काम सुरू करता येतं, वेगळ्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. १५० ते ३०० मीटरच्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. दीड-दोन गुंठ्यांत आठ खोल्या काढणाऱ्याला एफएसआयच्या सगळ्या चर्चेपेक्षा याचा फायदा जास्त होतो.

पायरी ३ : ‘परवडणारी घरं’ हा शब्द कुठे कुठे येतो

आता ज्याच्यासाठी हा लेख उघडला ते. हा शब्द तीन ठिकाणी सापडतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. चौथ्या ठिकाणी शब्द नाही, पण सवलत आहे.

पहिलं ठिकाण, सर्वसमावेशक गृहनिर्माण. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर गृहप्रकल्प करायचा तर मूळ एफएसआयच्या २० टक्के इतकी घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी, ३० ते ५० चौरस मीटरची, बांधावीच लागतात. म्हाडाचं पुणे मंडळ ज्या ‘२० टक्के’ घरांची सोडत काढतं ती हीच. ही सवलत नाही, बंधन आहे, आणि ती घरं विकली जातात, भाड्याने नाही. एक एकर ४,०४७ मीटरचा असतो, त्यामुळे एक एकरवाला थोडक्यासाठी या नियमात अडकतो. ३,९०० मीटरवाला सुटतो. जमीन एकत्र करण्याआधी हे बघा.

दुसरं, प्रधानमंत्री आवास योजना. पुण्यात हडपसर, खराडी, वडगाव इथे, पिंपरी-चिंचवडमध्ये चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी इथे या योजनेतून इमारती उभ्या राहिल्या. त्याही विकत देण्याच्या. भाड्याच्या घरांचा विचार केंद्राने जुलै २०२० मध्ये केला. कोविडमध्ये शहरातले मजूर पायी गावाकडे निघाल्यावर भाड्याच्या परवडणाऱ्या संकुलांची योजना आली. तिच्यात दोन वाटा होत्या. पडून असलेली सरकारी घरं दुरुस्त करून भाड्याने देणं, आणि खासगी किंवा सार्वजनिक संस्थेने स्वतःच्या जमिनीवर नवी घरं बांधून ती २५ वर्षं भाड्यानेच चालवणं. दुसऱ्या वाटेला किमान ४० घरं किंवा १६० खाटा हव्यात अशी अट होती. पाच गुंठ्यांतून निघालेल्या ३८ खोल्या या अटीला दोनाने कमी पडतात. योजना कागदावर कितीही मोठी असो, तिचं दार कुठल्या मापाचं आहे ते आधी बघायचं, ते यासाठी.

सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेची दुसरी आवृत्ती सुरू आहे आणि तिच्यात परवडणारी भाड्याची घरं हा स्वतंत्र घटक आहे. त्याच दोन वाटा. खासगी जमिनीवरच्या वाटेत नव्या बांधकाम तंत्रासाठी केंद्राकडून प्रति चौरस मीटर ३,००० रुपये आणि राज्याकडून २,००० रुपये असं अनुदान ठेवलं आहे. ‘नवं तंत्र’ हे शब्द सोडून वाचू नका. नेहमीचा विटांचा आणि कॉलम-बीमचा सांगाडा त्यात बसत नाही. ॲल्युमिनियम फॉर्मवर्क, प्रीकास्ट अशा पद्धती छोट्या इमारतीला महाग पडतात, त्यामुळे अनुदानाचा काही भाग त्या तंत्रातच परत जातो.

तिसरं, राज्याचं गृहनिर्माण धोरण. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे धोरण मंजूर केलं. २००७ नंतर आलेलं हे पहिलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं असं उद्दिष्ट, आणि विद्यार्थी, नोकरदार महिला, औद्योगिक कामगार, ज्येष्ठ नागरिक यांच्या घरांचा वेगळा उल्लेख आहे. भाड्याच्या घरांना राज्याच्या धोरणात एवढी जागा मिळाली हे चांगलंच झालं. पण धोरण वाचून कोणी नकाशा मंजूर करत नाही. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

चौथं, ज्याच्यावर ‘परवडणारं’ असं कुठेच लिहिलेलं नाही ते: पार्किंग. यूडीसीपीआरमध्ये लहान चटईक्षेत्राच्या घरांना चारचाकीच्या पार्किंगचा निकष बराच हलका आहे, दुचाकीवर भर आहे. खोलीचं माप ३० चौरस मीटरच्या आत ठेवलं की स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या मजल्यावरची) जागा वाचते, आणि कधी कधी तळघराचा खर्चच टळतो. माझ्या मते छोट्या मालकासाठी हे कुठल्याही अनुदानापेक्षा मोलाचं आहे, कारण यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. नकाशा काढतानाच ती सवलत मिळून गेलेली असते.

पायरी ४ : कागदाची पत ओळखा

कोणी ‘भाड्याच्या घरांना ५० टक्के जादा एफएसआय फुकट’ असं सांगितलं, तर ते खोटं बोलत असतीलच असं नाही. केंद्राच्या २०२० च्या योजनेत राज्यांनी तसं द्यावं असं म्हटलं होतं. पण केंद्राने ‘द्यावं’ म्हणणं आणि तुमच्या नकाशावर ते मंजूर होणं यात चार पायऱ्या आहेत. केंद्राची मार्गदर्शक सूचना किंवा राज्याचं धोरण, त्यावर निघालेला शासन निर्णय, त्यानुसार नियमावलीत झालेला फेरबदल, आणि शेवटी महापालिकेचं परिपत्रक. नियमावली बदलायची तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली प्रक्रिया होते. तातडी असेल तर शासन कलम १५४ खाली निर्देश देतं. बांधकाम विकास विभागातला अभियंता तुमच्या फाइलवर यांचाच दाखला मागणार.

म्हणून कोणतीही सवलत सांगितली की तीन प्रश्न विचारा. कुठल्या तारखेच्या कुठल्या आदेशाने? ती आज चालू आहे की मुदत संपली? आणि ती भाड्याच्या इमारतीला लागू आहे की विक्रीच्या?

दुसऱ्या प्रश्नाची दोन उदाहरणं. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बांधकाम प्रीमियममध्ये ५० टक्के सूट जाहीर केली, ती त्या वर्षअखेरपर्यंतच होती. आयकराच्या कलम ८०-आयबीए खाली अधिसूचित परवडणाऱ्या भाड्याच्या प्रकल्पांना नफ्यावर सूट होती, पण ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांनाच. जुन्या सादरीकरणांत या दोन्ही सवलती अजून ठळक अक्षरांत फिरत असतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी मुंबईकडे बघावं. २००८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरला चौपट एफएसआय, आणि त्याबदल्यात त्याने १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून प्राधिकरणाला द्यायच्या. घरं उभी राहिली. पण ती भाड्याने चालवायची कोणी, देखभाल कोणाची, याचं उत्तर कोणी तयार ठेवलं नव्हतं. बरीचशी घरं पुढे गिरणी कामगारांना आणि संक्रमण शिबिरांसाठी गेली. जादा एफएसआयने इमारत उभी राहते. ती भाड्याने चालवण्याचं काम मग पंचवीस वर्षं रोज करावं लागतं, आणि त्याला एफएसआयचा काहीच उपयोग नसतो.

पायरी ५ : गणित आधी सवलतीशिवाय मांडा

खालचे आकडे मी धरून चाललोय. तुमचे तुम्ही बदला, रीत तीच ठेवा.

एक खोली, ४२ चौरस मीटर म्हणजे साडेचारशे चौरस फूट बांधकाम, फुटाला २,८०० रुपये. खर्च १२ लाख ६० हजार. भाडं महिना ९,००० म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. रिकामे महिने, मिळकतकर, पाणी, रखवालदार, रंगरंगोटी यासाठी चौथा हिस्सा बाजूला काढा. हातात ८१ हजार. जमिनीची किंमत शून्य धरूनही परतावा साडेसहा टक्क्यांच्या आत. बँकेचं कर्ज यापेक्षा महाग असतं.

आता केंद्र आणि राज्याचं मिळून ५,००० रुपये मीटरचं अनुदान, ३० मीटर चटईक्षेत्रावर धरलं तर दीड लाख. खर्च ११ लाख १० हजारांवर आला, परतावा ७.३ टक्के. बरं वाटलं?

मग प्रीमियम एफएसआय घ्या. त्याचा दर रेडी रेकनरमधल्या (सरकारी बाजारमूल्याच्या तक्त्यातल्या) जमीनदराच्या ३५ टक्के. जमीनदर मीटरला ३०,००० धरला तर प्रीमियम १०,५०० रुपये मीटर. ४२ मीटरच्या खोलीला, अनुषंगिक भाग वजा करून, सव्वासव्वीस मीटर एफएसआय लागतो. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एका खोलीवर निव्वळ प्रीमियमचे पावणेतीन लाख, अनुषंगिक क्षेत्राचा प्रीमियम त्याच्यावर वेगळा. अनुदानाने दिलेले दीड लाख या एका ओळीत बुडाले.

जादा एफएसआय हे विकणाऱ्यासाठी बक्षीस असतं, कारण तो फूट सात-आठ हजारांना विकून प्रीमियम वसूल करतो. भाड्याने देणाऱ्याला तोच फूट महिन्याला तीस रुपयांच्या आत भाडं देतो. त्यामुळे निव्वळ भाड्याची इमारत करणार असाल तर माझा सल्ला असा: मूळ एफएसआय, त्याचं अनुषंगिक क्षेत्र आणि रस्तारुंदीत दिलेल्या जागेचा मोबदला एवढ्यावर थांबा. पाचव्या मजल्याच्या मोहात पडू नका. लिफ्ट, अग्निशमन आणि प्रीमियम एकाच वेळी अंगावर येतात.

प्लॉट मोठा असेल तर मिश्र प्रकल्पाचा विचार करा. काही घरं विकायची आणि त्या पैशातून भाड्याचा भाग उभा करायचा. इथे प्रीमियम आणि टीडीआर खरोखर कामाला येतात. मात्र भाड्याची घरं वेगळ्या इमारतीत ठेवा, जिना आणि पाण्याची टाकीही वेगळी. एकाच इमारतीत विकलेली आणि भाड्याची घरं मिसळली की उद्या सोसायटी होते आणि तुम्ही तिच्यातले एक सभासद होऊन बसता. सोसायटीला ना-वापर शुल्क देखभाल खर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही हे २००१ पासून ठरलेलं आहे. पण बैठकांतली भांडणं कुठल्याच शासन निर्णयात मोजलेली नाहीत. विक्रीचा भाग आला की महारेराची (गृहप्रकल्पांच्या राज्य नियामक प्राधिकरणाची) नोंदणी पण आली. निव्वळ भाड्याच्या इमारतीला ती लागत नाही.

पायरी ६ : परवानगीची फाइल

यात फार काही नवं नाही, म्हणून थोडक्यात. आर्किटेक्ट ऑनलाइन प्रस्ताव दाखल करतो, छाननी होते, विकास शुल्क आणि प्रीमियमचं चलन निघतं, बांधकाम प्रारंभ दाखला मिळतो, जोत्यापर्यंत आल्यावर जोते तपासणी, शेवटी अग्निशमन, पाणी, मलनिस्सारण यांची ना-हरकत जोडून भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरायला परवानगी. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर याच वाटेत भरावा लागतो. मोठ्या प्रीमियमसाठी हप्त्यांची सोय मिळते का ते चलन निघण्याआधी विचारा, नंतर नाही.

प्रस्तावात वापर काय लिहिता याला मात्र फार महत्त्व आहे. ‘निवासी सदनिका’ आणि ‘वसतिगृह’ हे वेगळे वापर आहेत. पार्किंग, जिन्याची रुंदी, मिळकतकराची आकारणी, महावितरणचा वीजदर या सगळ्यांवर त्या एका शब्दाचा परिणाम होतो. स्वतंत्र स्वयंपाकघर असलेल्या खोल्या कुटुंबांना द्यायच्या असतील तर सदनिका लिहा. कॉट बेसिसवर द्यायचं असेल तर आधीच वसतिगृह म्हणून मंजूर करून घ्या. सदनिका मंजूर करून आत लोखंडी खाटा टाकणाऱ्या इमारती पुण्यात गल्लोगल्ली आहेत, पण आग लागली किंवा शेजाऱ्याने तक्रार केली की मंजूर नकाशाच पहिल्यांदा उघडला जातो.

समाविष्ट गावांत पाण्याचं गणित लेखी करा. जलवाहिनी नसेल तर टँकरवर खोली दहा-पंधरा टक्क्यांनी महाग पडू शकते, आणि भाडेकरू ‘पाणी कधी येतं’ हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारतो.

आवास योजनेचं अनुदान हवं असेल तर परवानगीच्या आधी महापालिकेच्या आवास योजना कक्षाशी बोला. प्रस्ताव महापालिकेमार्फत राज्याच्या समितीकडे आणि तिथून केंद्राच्या समितीकडे जातो. काम सुरू केल्यावर अनुदान मागायला जाणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. आणि २५ वर्षं भाड्यानेच चालवण्याची अट सह्या करण्याआधी घरात सगळ्यांना वाचून दाखवा. २०२० च्या योजनेत भाडं दर दोन वर्षांनी ८ टक्के, आणि पाच वर्षांत जास्तीत जास्त २० टक्के, असंच वाढवता येत होतं. तुमच्या करारात काय लिहिलंय ते त्याच्याशी ताडून पाहा. मुलीच्या लग्नाला एक मजला विकू, असा विचार मनात असेल तर ही योजना तुमची नाही.

पायरी ७ : भाड्याने देताना

कायदा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. जुन्या वाड्यांतल्या पागडीच्या गोष्टी ऐकून बरेच मालक घाबरलेले असतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तर ती भीती बरीच कमी होते. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. कलम ५५ नुसार नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. करार लेखी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आहे, त्यात परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते मिळवतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. पन्नास खोल्यांचा हिशेब मांडताना हा खर्च कोणी भरायचा ते आधीच ठरवा.

चाकण-रांजणगावची एखादी कंपनी सगळी इमारत कामगारांसाठी घ्यायला तयार असेल तर त्याचा फायदा आहे. ज्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा जास्त आहे तिला या कायद्याचं भाडेकरू-संरक्षण मिळत नाही, त्यामुळे मुदत संपल्यावर जागा अडकून राहण्याची भीती कमी. पण जीएसटीनोंदणी असलेल्याला निवासी जागा भाड्याने दिली की जुलै २०२२ पासून १८ टक्के कर लागतो. तो कंपनीने भरायचा असतो, आणि कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी भाडं ठरवताना तो तुमच्याच अंगावर ढकलू बघतो. व्यक्तीला राहण्यासाठी दिलेल्या घरावर हा कर नाही. वसतिगृहाच्या बाबतीत जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं भाडं आणि किमान सलग ९० दिवसांचा मुक्काम असेल तर जीएसटी माफ आहे. पुण्यातली जवळजवळ सगळी पीजी या मर्यादेत येतात, पण ‘एक महिन्यासाठी’ राहणारी पोरं येत नाहीत. करारात तीन महिन्यांची किमान मुदत टाका.

आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं दाखवायची गरज नाही. कर्जाचं व्याज वेगळं.

आणि मिळकतकर. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत देते. मधल्या काळात ती काढली होती, २०२३ मध्ये परत आली. घर भाड्याने दिलं की ती जाते. म्हणजे एकीकडे राज्य भाड्याच्या घरांचं धोरण आणतं आणि दुसरीकडे शहरात तेच घर भाड्याने दिलं की बिल वाढतं. हे बदलायला हवं असं मला वाटतं, निदान ३० चौरस मीटरच्या आतल्या घरांपुरतं तरी. सध्या मात्र गणितात पूर्ण कर धरा. आपण राहतो असं खोटं लिहून पीटी-३ अर्ज (ही ४० टक्के सवलत मागण्याचा अर्ज) भरू नका, कारण तुमचा नोंदणीकृत भाडेकरार सरकारच्याच दप्तरात असतो. कमी करण्याचे सरळ मार्ग दोन. सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट मिळते, आणि ते प्रकल्प प्रत्यक्षात चालू असावे लागतात. शिवाय आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच, महापालिकेने जाहीर केलेल्या मुदतीत, बिल भरलं तर सर्वसाधारण करात सूट असते.

भोगवटापत्र हाती आल्यावर कर आकारणी विभागाकडे स्वतःहून अर्ज करा. विभागाचे लोक येईपर्यंत थांबलात तर आकारणी मागच्या तारखेपासून होते आणि दोन-तीन वर्षांची बाकी एकदम दारात येते. पहिल्या भाडेकरूची माहिती पोलिसांच्या ऑनलाइन नोंदीत भरा, करार आणि भोगवटापत्राच्या प्रती एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि अनुदान घेतलं असेल तर प्रत्येक खोलीची भाडेवही पहिल्या महिन्यापासून लिहायला सुरुवात करा. तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा तीच मागतो.